देवदूत हातचा विसरतो

त्या रविवारी दुपारी शाळेच्या जेवणघरात मुंगीला शिरायला वाट नव्हती. एरवी जिथे पोरांच्या दुधाचा नि शिजलेल्या घेवड्याचा वास असायचा, तिथे आज घाम, तंबाखू आणि देवाचं नाव यांचा एकच दरवळ सुटला होता. लिक ब्रांच ओढ्याचं अख्खं खोरं डोंगरउतारावरून खाली वाहून आलं होतं. ज्यांची गाडी चालू होती ते गाडीनं, ज्यांची बंद होती ते दुसऱ्याच्या ट्रकच्या हौद्यात बसून. कोळशाची खाण बंद पडल्यापासून इतकी माणसं एका जागी फक्त मयतीला जमायची.

समोर टेबलं जोडून उंचवटा केला होता. त्यावर एक खुर्ची, आणि खुर्चीत, लोकांकडे पाठ करून, डोळ्यांवर पांढरी पट्टी बांधलेली नऊ वर्षांची टॅम्सी नोबल. तिच्यापुढे भिंतीवर शाळेचा काळा फळा. आणि फळ्याशेजारी, काकवीत बुडवून काढल्यासारख्या आवाजाचा प्रवचनकार ब्रदर लँडिस टीग.

"शाळा काय शिकवते, माझ्या भावांनो?" टीग विचारत होता. "सहा आठवडे पोरांना पिवळ्या बसमध्ये कोंबायचं, सकाळ-दुपार फुकट चारायचं, लोहचुंबकाशी खेळवायचं, ओढ्यातले किडे मोजायला लावायचे. आणि सहा आठवड्यांनी पोरगं काय सांगतं? सात नि आठ पंधरा! अरे, त्यासाठी सहा आठवडे? ही बघा. हिला अक्षर वाचता येत नाही. हिला बेरीज येत नाही. हिची बाईच सांगेल. येते का हो बाई?"

सगळी तोंडं मागे वळली. व्हर्लीन स्टॅम्पर तिसऱ्या रांगेत बसली होती. खोऱ्यातल्या गरिबांच्या पोरांसाठीची फुकट उन्हाळी शाळा तीच चालवायची. टॅम्सी गेल्या महिन्यापर्यंत तिच्याच वर्गात होती.

"अजून नीट नाही येत," व्हर्लीन म्हणाली. खोटं कशाला बोलायचं?

"अजून नाही येत!" टीगनं दोन्ही हात वर केले. "बाईंनी वाया गेलेली म्हणून सोडलेली पोर! पण देवदूतानं नाही सोडली!"

"आमेन!" जेवणघर गरजलं.

व्हर्लीननं तिला सोडलं नव्हतं. टॅम्सीला आजीनं शाळेतून काढून टीगच्या हवाली केलं होतं. पण "आमेन"पुढे खुलासा कुणाला ऐकू जातो?

मग चमत्कार सुरू झाला. म्हातारी आर्मिंटा उठली, गुडघ्यांना शिव्या घालत फळ्याशी गेली आणि तिनं खडूनं आकडे लिहिले. वर सत्तावन्न, खाली एकोणऐंशी. तिनं बरण्यांत भरून ठेवलेल्या घेवड्याचा हिशेब होता तो. गेल्या सालच्या बरण्या नि यंदाच्या. टीगनं ओठांवर बोट ठेवलं. कुणी आकडा उच्चारायचा नाही. तोही उच्चारणार नाही. फक्त भजन गाऊन देवदूताला बोलवायचं.

या खोऱ्यात भजनाची पुस्तकं कुणी उघडत नाही. आजे-पणजे निरक्षर होते तेव्हापासूनची रीत आहे: पुढचा माणूस एक ओळ टाकतो, आणि मागचे सगळे तीच ओळ संथ, वळणं घेत, डोंगर चढल्यासारखी परत गातात. टाकलेली ओळ गायची. न टाकलेली गायची नाही. आणि सुरू झालेलं भजन मध्येच तोडायचं नाही, छपरावर वीज पडली तरी. तसं भजन सगळ्यांना तोंडपाठच असतं, पण ओळ पडल्याशिवाय गळा उघडत नाही, आणि ओळ पडली की बंद राहत नाही.

टीगनं ओळ टाकली:

"पहाट झाली डोंगरमाथी, ऊठ माझ्या जिवा..."

जेवणघरानं ती उचलली. मग दुसरी:

"वाट निसरडी, ओढा खोल, हाती धर दिवा..."

आणि मग टीगनं डोळे मिटले, मान हलवली, अंगात आल्यासारखा शहारला:

"तूच सांग, देवा, मला नेशील का रे पार..."

लोकांनी तीही गायली. गाणं थांबलं. पट्टी बांधलेली टॅम्सी बारीक आवाजात म्हणाली, "एकशे सव्वीस."

टीगनं फळ्यावर बेरजेखाली १२६ लिहिलं आणि छप्पर उडेल अशा टाळ्या पडल्या. दोन बाया रडल्या. बेरीज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, हातभर मोठ्या आकड्यांत. पण कुणीही ती करून पाहिली नाही. देवदूत करत असताना माणसानं कशाला डोकं झिजवायचं?

आर्मिंटा जागेवर येऊन बसली ती जरा गोंधळलेलीच. व्हर्लीन तिच्या कानाशी लागली.

"आर्मिंटा मावशी, सात नि नऊ सोळा. हातचा एक. एकशे छत्तीस होतात."

"मीही तेवढ्याच मोजल्या होत्या गं."

"मग?"

"मग काय? माझंच मोजायचं चुकलं असणार. दहा बरण्यांसाठी देवदूत कशाला खोटं बोलेल?"

"खोटं नाही मावशी, तो हातचा विसरला."

"गप बस!" मागून कुणीतरी ढोसलं. "आता देवाची पण वही तपासणार का, बाई?"

पण व्हर्लीनच्या मनाला दुसरंच काहीतरी टोचत होतं, आकड्याहून जुनं. काय ते तिला कळेना.

जाता जाता काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, कारभारी वेंडेल सायझमोर उभा राहिला. पोटावरचा पट्टा वर ओढत त्यानं जाहीर केलं: पुढच्या रविवारी इथेच हात वर करून ठरवायचं. उरलेल्या उन्हाळ्यात हे जेवणघर, स्वयंपाकाचा शिधा नि ती पिवळी बस कुणाला द्यायची? बाईंच्या उन्हाळी शाळेला, का ब्रदर टीगच्या 'वरदान शिबिरा'ला? शिबिरही फुकटच असणार होतं. एकच अट होती. मुलांनी दिवसभर उपाशी राहायचं. भरल्या पोटी देवदूत येत नाही.

"तेवढाच शिधा वाचेल," वेंडेल म्हणाला. लोक हसले. टीग सगळ्यांत मोठ्यानं हसला.

*

त्या आठवड्यात बस सकाळी खोऱ्यात वर जायची नि परत यायची ती अर्धी रिकामी. तिसरीचा अख्खा बाक ओस पडला. सूक्ष्मदर्शकाखाली ओढ्याच्या पाण्यातला इवला जीव वळवळत होता आणि बघायला रांग नव्हती. दुपारच्या जेवणाला मक्याचा पाव उरू लागला. ज्या पोरांना दिवसातून एकदाच पोटभर मिळायचं, आणि तेही इथेच, त्यांच्या वाटणीचा पाव.

एका दुपारी व्हर्लीन टॅम्सीच्या घराकडे निघाली. वाटेत पुलावर आर्मिंटा दिसली. पायाशी पुठ्ठ्याचं खोकं, आणि म्हातारी एकेक बरणी उघडून हिरवागार घेवडा ओढ्यात ओतत होती.

"मावशी! हे काय चाललंय?"

"दहा जास्त निघाल्या गं. पुन्हापुन्हा मोजल्या. देवदूत म्हणतो एकशे सव्वीस, आणि माझ्या तळघरात एकशे छत्तीस. मग या वरच्या दहा कुणाच्या? सैतानानं ठेवलेल्या. खाऊन मरायचंय का?"

"अहो, तुम्हीच तर शेंगा मोडल्यात त्या! तुमच्या हातांनी!"

"हात कुणाचे नि काम कुणाचं, ते कळायला बाई तुझं वय नाही," आर्मिंटानं शेवटची बरणी उपडी केली. बुडाशी दडलेला डुकराच्या मांसाचा तुकडा पाण्यात गडप झाला. मग पदरासारखा एप्रन झटकत ती समाधानानं म्हणाली, "आता ये मोजायला. बरोबर एकशे सव्वीस भरतात! खोटा ठरला का देवदूत?"

व्हर्लीननं आयुष्यभर मुलांना शिकवलं होतं की उत्तर चुकलं तर पुन्हा बेरीज करा. उत्तर चुकलं तर बरण्या फेका, हा मार्ग तिला सुचला नव्हता. भविष्यं खरी ठरतात ती अशी.

नोबल कुटुंबाचं ट्रेलरचं घर ओढ्याच्या वळणावर होतं. पायरीवर टॅम्सी बसली होती, गुडघ्यांत हनुवटी खुपसून. तिच्या कोपराची हाडं कातडीतून वर आली होती. व्हर्लीननं पिशवीतून पीनट बटरचं सँडविच नि दूध काढलं. पोरीचे डोळे त्याच्यावर खिळले आणि मग तिनं स्वतःच्याच हातांवर बसून घेतलं, ते पुढे जाऊ नयेत म्हणून.

"नको बाई. पोट भरलं तर देवदूत येत नाही."

"किती दिवस झाले गं?"

"रात्री मॅमॉ बिस्किट देते. एक. ब्रदरला सांगू नका हां."

दारात तिची आजी डेल्मा येऊन उभी राहिली. तिला सगळं खोरं मॅमॉ म्हणायचं. आधी नातवंडाची आजी म्हणून, आणि गेल्या महिन्यापासून देवदूताच्या पोरीची आजी म्हणून. आता तिला पहिल्या रांगेत खुर्ची मिळायची.

"मिस व्हर्लीन, तुम्ही सरळ चालत्या व्हा. तुमच्याकडे पोर दोन उन्हाळे होती. घरी काय घेऊन आली? एक पुस्तक, तेही तिला वाचता येत नाही. आज माझ्या पोरीच्या पाया पडतात लोक. पाया! हिच्या आईला नशेच्या गोळ्यांनी खाल्लं तेव्हा यांतला एक माणूस माझ्या दारात आला नव्हता."

ते खरं होतं.

"मॅमॉ, मी तिला एकच विचारते. टॅम्सी, देवदूत तुझ्याशी बोलतो तो कसा गं? कानात?"

टॅम्सीनं मान हलवली. सँडविच बघत, आवंढा गिळत, भोळेपणानं ती म्हणाली,

"नाही बाई. तुमच्या सगळ्यांच्या गळ्यातून."

"आत हो!" डेल्मा ओरडली, आणि दार लागलं.

*

गाडी चालवताना व्हर्लीन तेच भजन गुणगुणायला लागली. तिचा बाप या खोऱ्यातला ओळी टाकणारा होता. त्यानं ते भजन इतक्या थडग्यांपाशी म्हटलं होतं की त्याच्या दहाही ओळी तिच्या रक्तात होत्या:

पहाट झाली डोंगरमाथी, ऊठ माझ्या जिवा
वाट निसरडी, ओढा खोल, हाती धर दिवा
बाप गेला कोळशाखाली, माय बसली दारी
पैलतीरी उभं कोण, मला हाका मारी
नाव नाही, वल्हं नाही, पाणी चढे फार
तूच सांग, देवा, मला नेशील का रे पार
थकले पाय, फाटली वहाण, ओझं डोईवर
पैलतीरी पांढरं शुभ्र आहे माझं घर
तिथे नाही रडणं कुणाचं, नाही रात काळी
हाक येता जाईन मी, भरल्या सांजवेळी

तिसऱ्या ओळीवर ती अडखळली. टोचत होतं ते हेच! टीगनं 'हाती धर दिवा'वरून थेट 'नेशील का रे पार'वर उडी मारली होती. 'बाप गेला कोळशाखाली' गाळून. या खोऱ्यात प्रत्येक घरचं कुणीतरी त्या ओळीत पुरलेलं आहे. ती ओळ इथे कुणी गाळत नाही. तिचा बाप तर ओळींचा क्रम मोडणाऱ्याला भर मयतीतून हाकलायचा.

मग टीगनं का गाळली? पहिली ओळ टाकली, दुसरी टाकली, आणि मग... तिनं स्टिअरिंगवर बोटांनी ओळी मोजल्या. सहावी.

एक. दोन. सहा.

तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. हातचा धरला असता तर एक, तीन, सहा झालं असतं. म्हणजे 'बाप गेला कोळशाखाली' गायलं गेलं असतं. देवदूत हातचा विसरला नव्हता. टीग विसरला होता.

आणि पोर खरंच बोलली होती. ओळ टीग टाकत होता, पण उत्तर पोरीच्या कानात ओरडत होते ते सगळे: आर्मिंटा, डेल्मा, वेंडेल, मागून ढोसणारा तो, आणि तिसऱ्या रांगेतली व्हर्लीनसुद्धा. अख्ख्या खोऱ्यानं गळा काढून उत्तर सांगायचं आणि मग पोरीला ते कसं आलं म्हणून रडायचं!

तिला हसू आलं आणि लगेच विरलं. ज्या पोरीला बेरीज येत नाही म्हणून ती दोन उन्हाळे कपाळाला हात लावत होती, त्या पोरीनं उपाशी पोटी, उलटसुलट क्रमानं, दहा ओळींचे दहा आकडे पाठ केले होते. बुद्धी होती, भरपूर होती. त्या बुद्धीला पहिलं गिऱ्हाईक भेटलं ते चोर, एवढंच.

आता हे लोकांना दाखवायचं तर पोरीलाच उघडं पाडावं लागणार होतं. दुसरी वाट तिला सापडली नाही. तिनं शोधली, पण फार वेळ नाही. पुढच्या रविवारनंतर खोऱ्यातली सगळीच पोरं हातांवर बसायला लागली असती.

*

रविवारी गर्दी दुप्पट होती. फळा स्वच्छ पुसलेला. टॅम्सी खुर्चीत, पाठमोरी, पट्टी बांधलेली; बसल्या जागी झुलत होती. डेल्मा पहिल्या रांगेत नव्या टोपीत.

"आज," टीग गरजला, "खुद्द कारभारीसाहेब गणित घालणार! घ्या खडू. उडू द्या शाळेच्या पुस्तकांच्या चिंध्या!"

वेंडेल फळ्याशी जाऊन उभा राहिला. गणित घालायचं म्हणजे आधी सुचावं लागतं. तो खडू गालावर घासत विचार करू लागला.

तेवढ्यात व्हर्लीन उठली आणि तिनं, जागेवरूनच, बापाच्या ढंगानं, खणखणीत ओळ टाकली:

"थकले पाय, फाटली वहाण, ओझं डोईवर..."

या खोऱ्यात बाईनं ओळ टाकायची नसते. माना वळल्या, भुवया चढल्या. पण गळे? गळ्यांना कुणी विचारलं नव्हतं. ओळ पडली होती. शंभर गळ्यांनी ती सवयीनं उचलली आणि लांबवली.

"अहो बाई..." टीग पुढे झाला. पण भजन सुरू झालं होतं, आणि सुरू झालेलं भजन तोडायचं नसतं. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनीच त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"हाक येता जाईन मी, भरल्या सांजवेळी..."

खोरं गायलं.

"नाव नाही, वल्हं नाही, पाणी चढे फार..."

खोरं गायलं. सूर विरला. आणि रिकाम्या, काळ्या, स्वच्छ पुसलेल्या फळ्यासमोर बसलेली टॅम्सी आज्ञाधारकपणे म्हणाली,

"सातशे पाच."

कुणी टाळी वाजवली नाही. वेंडेल खडू हातात धरून खुळ्यासारखा उभा. तो फळ्याकडे बघतो, पोरीकडे बघतो.

"पण... मी तर अजून काही विचारलंच नाही!"

"नाहीच विचारलं," व्हर्लीन म्हणाली. "सातवी ओळ, दहावी ओळ, पाचवी ओळ. सात, शून्य, पाच. फळा कोरा असला तरी चालतो. आर्मिंटा मावशी, आता तुमच्या बरण्यांचं खरं उत्तर ऐका." आणि तिनं पहिली ओळ टाकली, मग तिसरी, मग सहावी. लोक गायले. या वेळी गाता गाता त्यांना आपलेच शब्द ऐकू येत होते. 'बाप गेला कोळशाखाली' म्हणताना बऱ्याच जणांचा आवाज फुटला.

"एकशे छत्तीस," टॅम्सी म्हणाली. आणि शाबासकी का येत नाही हे न कळून, पट्टीखालीच, ती जराशी हसली.

"पोरीला काही दिसत नाही, तिला कोणी कानात सांगत नाही," व्हर्लीन म्हणाली. "या माणसानं ओळींतून आकडा टाकला आणि तुम्ही-आम्ही तो तिला गाऊन सांगितला. गेल्या रविवारी हा हातचा विसरला, म्हणून देवदूतही विसरला. बेरीज तुमच्या डोळ्यांसमोर होती! एकानं तरी करून बघायची होती!"

क्षणभर सगळं जेवणघर टीगकडे वळलं. आणि टीग, काय सांगावं त्याच्या हुशारीचं, ओक्साबोक्शी रडायला लागला.

"फसलो! भावांनो, मी फसलो! या पोरीत सैतान शिरलाय! माझ्या पवित्र भजनातून आकडे चोरले हिनं! हिनं मला फसवलं, तुम्हाला फसवलं!"

लोकांच्या तोंडावर सुटका झाल्याचा भाव उमटला. शंभर जाणती माणसं एका लफंग्याच्या नादी लागली, हे गिळायला जड होतं. एक नऊ वर्षांची पोर खोटारडी निघाली, हे सहज उतरलं.

"लाज नाही वाटत?" कुणीतरी ओरडलं.

"देवाच्या नावानं खोटं बोलतेस, कार्टे?"

"पाया पडलो हो आम्ही हिच्या!"

एक पुठ्ठ्याचा पंखा उडाला आणि टॅम्सीच्या पाठीत बसला. डेल्मा नव्या टोपीसकट उठली, उंचवट्यावर चढली, तिनं पट्टी ओरबाडली आणि पोरीच्या थोबाडीत मारली. पहिल्या रांगेतली खुर्ची गेली होती, कुणाकडून तरी ती वसूल करायलाच हवी होती.

"मॅमॉ, मी बरोबर सांगितलं ना?" टॅम्सी म्हणाली. "ब्रदरनं शिकवलं तस्संच सांगितलं. एक पण नाही चुकले."

व्हर्लीन गर्दी फाडत वर पोचली आणि तिनं पोरीला पोटाशी घेतलं. तिला असं सगळ्यांपुढे उघडं पाडणारी आपणच, हे व्हर्लीन विसरली नाही.

"मारा!" ती लोकांवर ओरडली. "हिला मारा! ही उपाशी होती, तुम्ही जेवून आला होतात. ही नऊ वर्षांची, तुम्ही साठ-साठ वर्षांचे. हिला बेरीज येत नाही, तुम्हाला येते. आणि खोटं कुणी बोललं? हिनं तर मला पायरीवर बसून खरं सांगितलं होतं, की तुमच्या गळ्यातून ऐकू येतं म्हणून!"

एवढा गोंधळ निस्तरेपर्यंत टीग गाडी चालू करून गेलासुद्धा. दानाची बादली बरोबर घेऊन. पोरीला रागावण्यात सगळे इतके गुंतले होते की चोराला अडवायला कुणाला सवड झाली नाही.

मतदान राहूनच गेलं. वेंडेल म्हणाला, बसमध्ये डिझेल भरून झालंय, तर चालू दे बाईंचं.

*

सोमवारी बस खोऱ्यात वर गेली आणि पूर्वीसारखी भरून आली. आईबापांनी पोरं परत पाठवली, पण बाईंशी कुणी बोललं नाही. आपला मूर्खपणा दाखवणाऱ्या माणसाला लोक चोराइतक्या लवकर माफ करत नाहीत. बाईनं ओळ टाकली म्हणूनच देवदूत रुसला, असं म्हणणारे निम्मे होते. आर्मिंटा त्यांतलीच. "दहा बरण्या गेल्या त्या गेल्या," ती म्हणे, "पण चूक देवदूताची नव्हती." टीग डोंगरापलीकडच्या काउंटीत पोचल्याची बातमी होती. तिथे म्हणे एका मुलाकडे देवदूत येतो. दुसरं भजन आहे.

टॅम्सी बसमधून सगळ्यांत शेवटी उतरली. गाल अजून सुजलेला होता. बसमध्ये पोरांनी वाटभर तिच्या कानाशी 'थकले पाय, फाटली वहाण' गायलं होतं, आणि ओळ संपली की तिचे ओठ आपोआप हलायचे. त्याला पोरं खदखदून हसायची. जेवायला बसल्यावर तिनं ताटाभोवती हाताचं कुंपण घातलं आणि मान वर न करता खाल्लं.

मग व्हर्लीननं तिच्यापुढे कागद ठेवला. सत्तावन्न अधिक एकोणऐंशी. शेजारी वाटीत सुक्या घेवड्याचे दाणे.

टॅम्सी कागदाकडे बघेना. ती बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली.

"काय गं?"

"कोण गाणार, बाई?"

"कुणी नाही."

"मग मला कसं कळणार?"

व्हर्लीननं वाटी तिच्याकडे सरकवली. "दाणे मोज. सात नि नऊ."

पोरीनं मोजले. हळू. एकदा चुकली, पुन्हा मोजले. "सोळा."

"सहा लिही. वर एक उरला. तो हातचा."

"हातचा म्हणजे कुठे ठेवू?"

"हातात."

टॅम्सीनं एक दाणा उचलला आणि मूठ घट्ट मिटली, कुणी हिसकावून नेईल अशी. मग दुसऱ्या हातानं पाच नि सात दाणे मांडले. मोजले. आणि मूठ उघडून तो घामेजलेला दाणा त्यांत मिळवला.

बाहेर मैदानात पोरं अजून तिच्या नावानं ओळी ओरडत होती. चुकीच्या, वाटेल त्या. टॅम्सीनं तिकडे कान दिला. क्षणभर तिचे ओठ हलले. मग तिनं दोन्ही कानांवर हात दाबून धरले आणि पुन्हा दाण्यांकडे पाहिलं.

"एकशे छत्तीस," ती म्हणाली. विचारल्यासारखी.

"पुन्हा मोजून बघ. मी सांगते म्हणून नको मानूस."

तिनं पुन्हा मोजले.

"एकशे छत्तीसच आहे, बाई," टॅम्सी म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात तरी."

बाबांनो, बायांनो, एवढंच मागणं आहे. तुम्हीही कधी रविवारी फळ्यासमोर बसाल. पुढे कुणी गोड गळ्याचा माणूस असेल, शेजारचे रडत असतील, आणि गाणं तुमच्याही ओळखीचं असेल. गा, हवं तर. पण गाताना एकदा फळ्याकडे बघा. बेरीज तिथे लिहिलेली असते. ती स्वतः करा.